परत येणारा पैसा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



ओळख करून देताना सचिवांनी माझ्यासाठी 'अर्थतज्ज्ञ' असा शब्द वापरला. तो मी नम्रपणे परत करतो. मी चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षे कर्ज विभागात काढली. तिथल्या माणसाला अर्थशास्त्र फारसे कळत नाही. कागद कळतात आणि थोडीफार माणसे कळतात. तेवढ्या भांडवलावर मी आज बोलणार आहे.

विषय सुचला तो आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या वहीवरून. मागच्या वर्षी हिशेब तपासायला म्हणून ती माझ्याकडे आली होती. गावातली वर्गणी नेहमीसारखीच होती, कुणी पाचशे, कुणी हजार. पण मोठे आकडे पुण्याहून, बंगळूरहून आणि दोन-तीन तर अमेरिकेहून आलेले होते. सगळी आपलीच पोरे. कुणी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकलेला, कुणी सौंसरहून नागपूरला जाऊन इंजिनियर झालेला. आता त्यांच्यातल्या काहींच्या स्वतःच्या कंपन्या आहेत. त्यांनी गावाला पैसा पाठवला, तो मंडपासाठी. त्याआधी पाठवला होता देवळाच्या सभामंडपासाठी, आणि आजोबांच्या नावाच्या बाकड्यांसाठी. याबद्दल मला काहीही तक्रार नाही, बाकड्यांवर मी रोज संध्याकाळी बसतो. पण वही बंद करताना मनात आले, की धंद्यात मिळवलेला हा पैसा गावात परत येतो तेव्हा तो देवाच्या दारात येतो, दुसऱ्याच्या धंद्यात मात्र येत नाही. असे का?

प्रश्न फक्त आपल्या भागाचा नाही, पण आपल्या भागाला तो जरा जास्त बोचतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपण जागचे हललो नाही, राजधानी हलली. नागपूरची भोपाळ झाली. बाजार नागपूरचा, सोयरीक वरुड-काटोलकडची, पोरांचे कॉलेज नागपूरचे आणि सरकारी कागद भोपाळचा, अशी दोन दगडांवर पाय ठेवायची सवय आपल्याला तेव्हापासून आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आले. कलेक्टर कचेरी आली. पण कचेरीच्या मागोमाग कारखाने येतात असा काही नियम नाही. बोरगावला १९९१ साली रेमंडचा कारखाना आला आणि त्यावर अनेक घरे उभी राहिली, हे मी जाणतो. तरी बाहेरच्या मालकाचा कारखाना आपल्याला पगार देतो. पुढचा पैसा कुठे घालायचा हा निर्णय तो दुसऱ्या शहरात बसून घेतो. त्यात त्याचे चुकत नाही, त्याचे घरच तिकडे आहे.

आता माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की बुवा नुसता उपदेश करतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका शाखेत असताना एक तरुण माझ्याकडे आला. घरची संत्र्याची बाग, शिक्षण बी.एस्सी. त्याला संत्र्याची प्रतवारी आणि वॅक्सिंग करायचे यंत्र बसवायचे होते. बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकायची, मग व्यापारी आकार बघून फळ वेगळे करणार, चांगले फळ दिल्लीला पाठवणार आणि चुरी आपल्या गळ्यात मारणार, याचा त्याला कंटाळा आला होता. कागद नीट होते. मी तारण विचारले. जमीन आजोबांच्या नावावर होती आणि चार काकांचे त्यावर हक्क. मी प्रकरण परत केले. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नाही, आजही तसा कागद आला तर आजचा अधिकारी तेच करील. कारण बँकेचा पैसा बँकेचा नसतो. तो तुमच्या मावशीच्या मुदत ठेवीचा असतो. दहा धंद्यांपैकी सहा बुडाले तरी चालेल, दोन मोठे झाले की भरपाई होईल, असा हिशेब मावशीच्या ठेवीवर करता येत नाही. बँकेला दहापैकी साडेनऊ वसूल व्हावे लागतात. म्हणून बँक त्यालाच देते ज्याच्याजवळ आधीच काही आहे.

मग ज्याच्याजवळ काही नाही, पण डोके आहे, त्याला द्यायचे कुणी? जगात जिथे जिथे हा प्रश्न सुटला तिथे तो एकाच प्रकारच्या माणसाने सोडवला. ज्याने स्वतः त्याच वाटेने धंदा केला, पैसा मिळवला, आणि ज्याला तो बुडाला तरी रात्री झोप येते, अशा माणसाने.

अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली हे नाव तुम्ही घराघरात ऐकता. तुमची नातवंडे तिथे आहेत. पण ती व्हॅली एके काळी फळबागांची होती हे फार थोड्यांना माहीत असते. सांता क्लारा खोऱ्यात आलुबुखार, जर्दाळू आणि चेरीच्या बागा होत्या, आपल्या संत्र्यासारख्या मैलोन्‌मैल. १९५७ मध्ये तिथे आठ तरुण इंजिनियरांनी आपल्या साहेबाची नोकरी सोडली आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभी केली. ती चालली. पण खरी गंमत पुढची आहे. त्या आठांतला यूजीन क्लायनर १९७२ मध्ये दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालणारी संस्था काढतो. त्याच वर्षी फेअरचाइल्डमध्ये विक्री सांभाळलेला डॉन व्हॅलेंटाइन तशीच दुसरी संस्था काढतो. फेअरचाइल्ड आणि इंटेलमध्ये काम केलेला माइक मार्कुला तिशीतच शेअरच्या पैशावर निवृत्त होतो आणि १९७७ मध्ये दोन पोरांच्या एका लहानशा कंपनीला गुंतवणूक आणि कर्ज मिळून अडीच लाख डॉलर उभे करून देतो. कंपनीचे नाव ॲपल. नुसते पैसे देऊन तो घरी बसला नाही. धंद्याची योजना त्याने लिहून काढली, जाणती माणसे आणली, आणि स्वतः त्या कंपनीत काम केले. बँकेच्या मॅनेजरला जे दिसले नसते ते त्याला दिसले, कारण तो त्याच धंद्यातून वर आला होता.

आता घरचे उदाहरण. सुधाताई मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये आता आपल्याकडे दंतकथेसारखे सांगितले जातात. पण इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली, हे पुणेकरही विसरले आहेत. पुढे ती मोठी झाली, तिच्या संस्थापकांकडे पैसा आला, आणि त्यांनी तो नव्या पोरांच्या कंपन्यांत घालायला सुरुवात केली. नारायण मूर्तींनी कॅटामारन काढली. गोपालकृष्णन आणि शिबुलाल यांनी आणखी काहींना घेऊन २०१४ मध्ये ॲक्सिलॉर काढली. हे सगळे झाले बंगळूरला, कारण ही माणसे तिथे राहत होती. पैसा धनादेशाने कुठेही जातो हे खरे. पण सल्ला, ओळख आणि 'अरे, त्या माणसाला भेट, माझे नाव सांग' हे वाक्य, या गोष्टी मालक राहतो त्या गावातच जास्त खर्च होतात.

पुण्यातच याची दुसरी बाजू सापडते. पर्सिस्टंट सिस्टिम्सचे आनंद देशपांडे हे आपल्याच मध्य प्रदेशात वाढलेले. लहानपण भोपाळच्या भेल वसाहतीतले. खरगपूरला आयआयटी केली, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली, तिथे नोकरीही केली, आणि १९९० मध्ये परत येऊन पुण्यात कंपनी सुरू केली. डेटाबेसच्या किचकट कामापासून सुरुवात. बाजारात शेअर आले ते वीस वर्षांनी, २०१० मध्ये. आज तिथे वीस हजारांवर लोक काम करतात, नागपुरातही तिचे मोठे केंद्र आहे आणि आपल्याकडची मुले तिथे रोज जातात. देशपांड्यांनी आणि त्यांच्या पत्नी सोनालीताईंनी 'देआसरा' नावाची संस्था काढली. मला ती आवडते ती एका कारणासाठी. ती चकचकीत कंपन्यांच्या मागे लागत नाही. पोळी-भाजी केंद्र, शिवणकाम, दुरुस्तीचे दुकान, ब्यूटी पार्लर, असल्या धंद्यांना ती नोंदणी, परवाने, जीएसटी, हिशेब, जाहिरात यांत हात देते. वीस हजार माणसांची कंपनी चालवलेला माणूस जाणतो की लहान धंदा पुष्कळदा भांडवलाअभावी मरत नाही, कागदाने थकून मरतो. मी कागदाच्या या बाजूला बसलेला होतो, म्हणून सांगतो, हे अगदी खरे आहे.

हुबळीकडेही असेच एक देशपांडे आहेत, गुरुराज. अमेरिकेत सायकामोर नेटवर्क्ससारख्या कंपन्या उभ्या केल्या आणि नंतर हुबळीत, म्हणजे बंगळूरपासून लांब, तरुण उद्योजकांसाठी केंद्र उभे केले. हुबळी काही महानगर नाही. म्हणून ते नाव मुद्दाम घेतले.

कुणी म्हणेल की ही सगळी आजची इंग्रजी थेरे आहेत. तसे नाही. ज्या उत्सवाच्या मंडपात आपण बसलो आहोत तो लोकमान्यांनी सार्वजनिक केला. त्याच लोकमान्यांनी अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाला पाठबळ दिले. कल्पना साधी होती, वर्षाला माणशी एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी धंदा काढायचा. लोक हसले असतील. पण १९०८ मध्ये त्या पैशापैशातून तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून होते, आणि पुढे त्यांनी उत्तर प्रदेशात बहजोईला स्वतःचा कारखाना काढला. तळेगावला नुसत्या बरण्या झाल्या नाहीत, काच करणारी माणसे झाली. वर्गणी आणि धंदा या दोन गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांना इतक्या दूरच्या वाटत नव्हत्या. मधल्या काळात आपण त्या वेगळ्या केल्या.

किर्लोस्करांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बेळगावात लक्ष्मणरावांची जागा गेली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले, कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी झाली. सहा वर्षांनी त्याच संस्थानात कऱ्हाडजवळ ओगलेवाडी झाली. माझ्या वयाच्या मंडळींनी ज्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला तो तिथला. एवढ्याशा संस्थानात दोन मोठे कारखाने उभे राहिले. जवळच्या माणसाने जोखीम घेतली, एवढेच त्यामागचे रहस्य. मात्र हेही नोंदवले पाहिजे, की मोठे झाल्यावर किर्लोस्करांचे पुढचे कारखाने हरिहरला, बंगळूरला, पुण्याला गेले. कारखाना रेल्वे, वीज आणि गिऱ्हाईक पाहून जातो, कृतज्ञता पाहून थांबत नाही. ज्या गावाला तो हवा असेल त्याने या तीन गोष्टी आधी बघाव्यात.

आता संत्र्याकडे येतो, कारण आपल्याकडे रेल्वे आहे, दिल्ली-चेन्नईची मुख्य लाईन पांढुर्ण्यावरून जाते, आणि गिऱ्हाईक घ्यायला येते ते संत्र्यासाठीच.

संत्र्याचा धंदा किती नाजूक आहे हे बागाईतदारांना मी काय सांगणार! आंबिया बहार घेतला तर फुलोऱ्याच्या वेळी गारपिटीचे भय. मृग बहार घ्यावा तर ताण नीट बसायला हवा आणि पाऊस वेळेवर हवा. कोळशी, डिंक्या, फळगळ हे सगळे पार करून माल तयार झाला की बांगलादेश आयात शुल्क वाढवतो आणि वरुडपासून पांढुर्ण्यापर्यंत भाव पडतो. दर वेळी कुणीतरी उठून म्हणतो, 'इथे ज्यूसचा कारखाना काढा.' गेली तीस वर्षे मी हे वाक्य ऐकतो आहे. मीही म्हणत होतो. मग काही वर्षांपूर्वी मी त्यात स्वतःचे तीन लाख घातले, आणि मग कळले.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने संत्र्याचा रस आणि सिरप करायचे छोटे युनिट काढले. मी निवृत्त झालो होतो, हाती पैसा होता, आणि त्या जुन्या परत केलेल्या प्रकरणाची टोचणीही होती. प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत पस्तीस टक्के अनुदान मिळते, कमाल दहा लाख, त्याचाही हिशेब बसवला. दोन हंगामांत युनिट बंद पडले. कारणे सांगतो, ती कामाची आहेत. पहिले, आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो. फळात, विशेषतः बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात, लिमोनिनच्या रूपाने हा कडूपणा दडलेला असतो. ताजा ग्लास गोड लागतो, बाटली कडू लागते. तो काढायचे तंत्र आहे, पण ते लहान युनिटला झेपत नाही. दुसरे, भाव चढला की चुरीसुद्धा ताज्या बाजारात जाते आणि कारखान्याला फळ मिळत नाही. भाव पडला की फळ मिळते, पण तेव्हा सिरपचे व्यापारीही भाव पाडून मागतात. तिसरे, यंत्र चार महिने चालते आणि आठ महिने झाकून ठेवावे लागते, व्याज मात्र बारा महिने चालते. टोमॅटो, मोसंबी, आवळा असे काही जोडीला असायला हवे होते.

आणि चौथे कारण मी स्वतः. तीन लाख दिले, नारळ फोडायला गेलो, फोटो काढला, आणि दिवाळीपर्यंत तिकडे फिरकलो नाही. त्या मुलाला पैशाइतकीच गरज होती ती कुणीतरी दर पंधरा दिवसांनी वही उघडून बघण्याची. चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या बघितल्या होत्या, आणि जिथे माझा स्वतःचा पैसा होता तिथली वही मी पाहिली नाही. माझी बायको या विषयावर जास्त सविस्तर बोलते, ते मी इथे सांगत नाही.

तो मुलगा आज नागपूरजवळ एका खाद्य कारखान्यात नोकरीला आहे, चांगल्या पगारावर. कारण संत्र्याचा रस कुठे कडू होतो हे त्याला माझ्या तीन लाखांतून कळले. यंत्र आम्ही विकले, ते घेणारा त्यावर आवळ्याचे काम करतो. म्हणजे पैसा माझा बुडाला, पण गावातून पूर्ण गेला नाही. माझ्या बँकेच्या भाषेत याला बुडीत खाते म्हणतात. सांता क्लारातले लोक त्याला काय म्हणत असतील ते मला माहीत नाही.

मग बागाईतदाराने काय करावे? इथे दोन मराठी मुलखातल्या गोष्टी सांगतो.

जळगावला भवरलाल जैन. वाकोदचे शेतकरी कुटुंब. १९६३ मध्ये घरातल्या बचतीचे सात हजार रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली. मग ट्रॅक्टर, बियाणे, खते यांच्या एजन्सी. मग १९७८ मध्ये लिलावात निघालेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले. मग पाइप, मग ठिबक, मग केळीची ऊतिसंवर्धित रोपे. प्रत्येक धंद्याचा पैसा पुढच्या धंद्यात, आणि तोही खानदेशातच. जळगावची केळी आणि ठिबक हे नाते एवढे घट्ट झाले त्यामागे हा एक माणूस होता. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. भवरलालजी २०१६ मध्ये गेले, आणि २०१९ पासून कंपनी कर्जाच्या मोठ्या अडचणीत आली, बँकांबरोबर कर्जाची पुनर्रचना करावी लागली. ती सावरली. तरी अशा वेळी, जिथे एकच मोठे झाड असते तिथे सगळ्या वाटसरूंना एकदम ऊन लागते. म्हणून मी एका मोठ्या उद्योजकाची वाट बघायच्या बाजूने नाही.

दुसरी गोष्ट नाशिकजवळच्या मोहाडीची. विलास शिंदे राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकले, शेतीत उतरले, आणि पहिली काही वर्षे जे केले त्यात कर्जच वाढवले. २००४ मध्ये द्राक्षाची निर्यात सुरू केली. २०१० मध्ये औषधाच्या अंशाच्या प्रश्नावरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली. त्यातून निघून त्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. द्राक्षाच्या पैशावर टोमॅटोची प्रक्रिया आली, मग इतर फळे आली. नफा वाटून खायचा की शीतगृहात घालायचा, हा प्रश्न तिथे दर वर्षी येत असणार, आणि उत्तर बहुतेक वेळा शीतगृहाच्या बाजूने गेले असणार. नाहीतर एवढे उभे राहिले नसते.

ह्या गोष्टीत एक कायद्याचा बारकावा आहे, तो आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर घेता येतो तो फक्त उत्पादकाला. म्हणजे आपला पुण्यातला मुलगा, ज्याची शेती काका बघतो, तो कितीही भावनेने पैसे घेऊन आला तरी सरळ सभासद होऊ शकत नाही. सह्याद्रीने काय केले? काढणीनंतरच्या कामासाठी वेगळी कंपनी केली आणि २०२२ मध्ये त्या कंपनीत युरोपातल्या चार गुंतवणूकदार संस्थांचे सुमारे तीनशे दहा कोटी रुपये घेतले. शेतकऱ्यांची कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. आपल्याकडे तीनशे कोटींचे काम नाही, तीस लाखांचे आहे. पण रचना तीच चालेल. बाग आणि खरेदी शेतकऱ्यांच्या कंपनीकडे ठेवायची, आणि प्रतवारी, शीतगृह, पेटी, विक्री यांसाठी एक लहान खासगी कंपनी करायची, तिच्यात बाहेर गेलेल्या आपल्या माणसांनी शेअर घ्यायचे.

कॅलिफोर्नियातही संत्र्याच्या बागाईतदारांनी १८९३ मध्येच, म्हणजे आपला उत्सव सार्वजनिक होत होता त्याच सुमारास, दलालांना कंटाळून आपली संघटना केली. पुढे तिचे फळ 'सनकिस्ट' नावाने विकले गेले. जाहिरातीचा खर्च पेटीमागे थोडे थोडे कापून काढला. माणशी पैसा घेणाऱ्या काळ्यांना हे पटले असते.

आता माझ्या जुन्या खात्याची सवय म्हणून दोन सावधगिऱ्या सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी उत्साहाने वहीत नावे लिहायला लागेल. मंडळाने किंवा कुठल्याही समितीने लोकांकडून 'परत देऊ, वर एवढे टक्के देऊ' म्हणून पैसे गोळा करायचे नाहीत. २०१९ पासून अशा बेकायदा ठेवींवर कडक कायदा आहे. भिशी करायची नाही. ज्याला द्यायचे आहे त्याने थेट त्या कंपनीचे शेअर स्वतःच्या नावाने घ्यावेत, पैसे बँकेतून द्यावेत, चार्टर्ड अकाउंटंटला आधी दाखवावेत. आणि घर चालण्यासाठी लागणारा एक रुपयाही त्यात घालू नये. मुलीच्या लग्नाचा पैसा धंद्यात घालणाऱ्याला मी धाडसी म्हणत नाही.

बाहेर गेलेल्या पोरांना एक विनंती. पैशाच्या आधी स्वतः या. दिवाळीत चार दिवस येता, त्यातला अर्धा दिवस द्या. तुम्ही पहिले गिऱ्हाईक कसे मिळवले, पहिला मोठा चेक परत आला तेव्हा काय केले, भागीदाराशी भांडण झाले तेव्हा काय केले, हे इथल्या पोरांना सांगा. यशाचे भाषण नको, ते यूट्यूबवर मिळते. पडल्याचे सांगा. आपल्याकडे धंद्यात पडलेल्या माणसाच्या घरी सोयरीक करायला लोक कचरतात, म्हणून पोरे धंदा करत नाहीत, आणि करतात ती सरकारी नोकरीच्या परीक्षा देत देत करतात. गोटमारीत दगड खाणाऱ्या पोट्ट्यांच्या गावात एका बुडालेल्या युनिटची एवढी लाज का वाटावी, हे मला कधीच कळले नाही.

आणि इथल्यांनाही सांगणे आहे. कुणी गुंतवणूक करायला आला, तर त्याला वर्गणीदार समजू नका. तो हिशेब विचारील. त्याचा राग मानू नका.

मी काय करणार ते सांगतो आणि थांबतो. विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, याच सभागृहात मी बसणार आहे. ज्या मुलामुलींकडे धंद्याची काही कल्पना किंवा सुरू असलेला लहान धंदा असेल त्यांनी वही घेऊन यावे. प्रोजेक्ट रिपोर्टची फाईल नको, खर्चाची आणि विक्रीची वही हवी. माझ्याबरोबर दोन बागाईतदार असतील, एक कापडाचे व्यापारी आणि नागपूरचे एक सीए. आम्ही चौघांनी आणि मी मिळून काही रक्कम बाजूला ठेवली आहे, ती बुडाली तर आम्ही एकमेकांशी बोलणे बंद करणार नाही असे ठरले आहे. या वेळी दर पंधरा दिवसांनी वही बघायला मी जाणार, हे बायकोसमोर कबूल केले आहे.

आपल्यापैकी कुणाला प्रश्न असतील तर विचारावेत. मागच्या रांगेतल्या त्या मुलीचा हात मघापासून वर आहे, तिला आधी बोलू द्या.